लेकरू भिंतीकडेला झोपवू नये

गेले पंधरा दिवस मी नांदेडला लेकाकडे आहे. सूनबाईंची रजा संपली, त्यामुळे नातवाची दिवसपाळी माझ्याकडे. वय वर्षे दीड. सकाळी सहाला उठायचं, आधी डब्यांची झाकणं काढायची, मग ती कुठंतरी लपवायची. वरणभात अर्धा पोटात, अर्धा फरशीवर. एक चप्पल गॅलरीतून खाली गेली ती वॉचमनने आणून दिली, दुसऱ्या दिवशी तीच परत गेली. मला हसू येतं, पण रात्री नऊ वाजेपर्यंत कंबर धरते. असो.

तर झालं असं, की या घरात रात्री एक वाद सुरू झाला. पलंग भिंतीला लावलेला. सूनबाई लेकराला भिंतीच्या बाजूला झोपवतात आणि स्वतः कडेला झोपतात. म्हणजे पोरगं खाली पडायला नको. अगदी शहाणपणाची गोष्ट. पण मी रात्री पाणी प्यायला उठले, की माझ्याही नकळत त्याला अलगद उचलून मध्ये सरकवते. तिसऱ्या रात्री सूनबाईंनी पकडलं.

"आई, तुम्ही त्याला भिंतीपासून लांब का सरकवता? तिकडं झोपला तर पडत तरी नाही."

"लेकरू भिंतीकडेला झोपवू नये," मी म्हटलं.

"का पण?"

"आमच्याकडं नाही झोपवत."

ती कोल्हापूरकडची. जन्म १९९४ चा. तिने पुन्हा विचारलं, "पण का?" आणि माझ्या लक्षात आलं, की आपण जणू शंभर वर्षांची रीत असल्यासारखं बोलतोय, पण ही रीत काही तेवढी जुनी नाही. तिची तारीखसुद्धा मला सांगता येते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं.

त्याआधीची रीत तर बरोबर उलटी होती.

माझं सासर लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यातलं एक गाव. लग्न होऊन मी त्या घरात गेले तेव्हा त्याच्या भिंती बघून चकित झाले होते. दोन-अडीच हात रुंद! दाराच्या चौकटीत माणूस आडवा बसावा एवढी जाडी. काळा दगड आणि मातीचा गारा. आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, त्यावर फळ्या आणि फळ्यांवर मातीचं माळवद. घर किती मोठं ते खणांवर सांगायचं, अमक्याचं घर पाच खणांचं, तमक्याचं नऊ. उजेडाला आणि धूर जायला माळवदात एक साणं. मे महिन्यात बाहेर अंगाची लाही होत असताना त्या भिंतीला पाठ लावली, की माठाला टेकल्यासारखं गार वाटायचं.

म्हणूनच घरातलं सगळ्यात लहान लेकरू कुठं झोपणार? भिंतीकडेला. ती गार जागा, ती पडायचं भय नसलेली जागा, आणि दुसऱ्या अंगाला आजी. दिवसा तुळईला लुगड्याची झोळी. सासूबाई एका पायाने झोळीची दोरी हलवायच्या आणि हातांनी शेंगा फोडायच्या. माझा लेक (आजच्या या चप्पलफेक्याचा बाप!) दर शनिवार-रविवारी याच झोळीत झोपायचा. आम्ही लातूर शहरात भाड्याने राहत होतो, सुट्टी लागली की गावी.

दरवर्षी पावसाच्या आधी माळवदाची डागडुजी व्हायची. कुठं गळतंय ते बघून वर पांढऱ्या मातीचा आणखी एक थर. पांढरी माती पाणी आत जाऊ देत नाही. ती चोपायला सगळी वर चढायची, लेकरंसुद्धा नाचायला. मागचा थर काढून नवा टाकावा असं मात्र फारसं कुणी करत नसे. थरावर थर. कधी हिशोब करून बघा. दहा बाय दहाची खोली, वर फक्त एक फूट माती धरली तरी शंभर घनफूट होते. वजन साडेचार-पाच टन. आणि एक फुटावर थांबलेली माळवदं थोडीच होती, कित्येक घरांवर दोन-दोन फूट माती होती. म्हणजे झोळीतल्या लेकरावर आपण वर्षाला थोडं थोडं ओझं चढवत होतो. हेतू एकच, लेकरावर पाणी गळू नये.

भिंतीचंही तसंच. बाहेरून एकसंध दिसणारी ती रुंद भिंत खरं म्हणजे एक नव्हती. आतल्या अंगाचा एक थर, बाहेरच्या अंगाचा एक थर, मध्ये खापऱ्या-माती भरलेली. दोन्ही थरांना शिवून ठेवणारा आरपार लांब दगड बहुतेक घरांत नव्हताच. वरून ओझं येतं तोवर दोघे गुण्यागोविंदाने उभे. आडवा हिसका बसला, की एक इकडे आणि एक तिकडे.

आडवा हिसका बसेल असं कुणाला वाटत नव्हतं हेही खरं. देशाच्या भूकंपाच्या नकाशात तेव्हा हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, पहिल्या क्रमांकाच्या. दख्खनचा खडक म्हणजे स्थिर, असंच समजायचे. तरी जमिनीने सांगून बघितलं होतं. १९९२ च्या ऑगस्टपासून किल्लारीच्या आसपास लहान लहान धक्के बसत होते, १८ ऑक्टोबर १९९२ चा त्यातला मोठा. लोक काही दिवस बाहेर झोपले. मग थंडी आली, जमीन गप्प झाली, लोक घरात परतले. लेकरं परत भिंतीकडेला.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणपती पोचवून माणसं उशिरा घरी आली आणि गाढ झोपली. त्या आठवड्यात आम्ही गावी जाणार होतो, पण ह्यांना सुट्टी मिळाली नाही म्हणून लातूरलाच राहिलो. पहाटे जाग आली ती आवाजाने. हलल्याचं नंतर कळलं, आधी आवाज. जमिनीखालून मालगाडी गेल्यासारखा. लाईट गेलेली. लेक माझ्या आणि भिंतीच्या मध्ये. फळीवरचा पितळी हंडा खाली आला तो त्याच्या पायापासून वीतभर अंतरावर. सकाळी त्या फरशीला पडलेला टवका मी कितीतरी वेळ बघत होते. आमच्या घराचं एवढंच झालं, हंड्याला पोचा आणि फरशीला टवका.

गावाकडे मात्र काय झालं ते या पानावरच्या नातेवाईकांना मी काय सांगू. आपल्या घरातली दोन माणसं गेली. नावं इथे लिहीत नाही, ज्यांना माहीत असायला हवीत त्यांना ती माहीत आहेत. सासूबाई वाचल्या. त्या पहाटे लवकर उठून गोठ्यात गेल्या होत्या, एवढंच कारण.

लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात मिळून किती माणसं गेली याच्या वेगवेगळ्या मोजण्या आहेत, साधारण आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत. भूकंपाची तीव्रता ६.२ ते ६.४. जगात याहून कितीतरी मोठे भूकंप होतात आणि याच्या एक दशांशही माणसं जात नाहीत. इथे एवढी गेली ती दगडमातीखाली, झोपेत. ज्या भिंतीला सगळ्यात सुरक्षित म्हणून लेकरू टेकवलं होतं, तिच्याखाली.

एक गोष्ट मात्र सगळ्या मराठवाड्याला पाठ आहे. मंगरूळच्या ढिगाऱ्यातून पाचव्या दिवशी लष्कराच्या जवानांनी एक मुलगी जिवंत काढली. तेव्हा दीड वर्षाची. माझा लेकही तेव्हा तेवढाच. तिची बातमी वाचताना मी त्याला मांडीवरून उतरवलं नव्हतं. आज माझा नातू तेवढा आहे, म्हणून हे सगळं असं वर येतंय की काय कोण जाणे.

त्यानंतर कित्येक महिने आम्ही सगळेच बाहेर झोपलो. आधी ताडपत्री, मग पत्र्याचं शेड. त्या वर्षी पाऊसही थांबेना. ओल्या वाकळा, लेकरांचे खोकले, आणि रात्रीत दोन-तीनदा "हललं का गं?" माझ्या लेकाचं घरातलं बोलणं त्या शेडमध्येच सुरू झालं. त्याला "हल्लं" हा शब्द "पाणी"च्या आधी येत होता.

मग पुनर्वसन आलं. शरद पवार तेव्हा मुख्यमंत्री होते, जागतिक बँकेचं कर्ज मिळालं आणि सर्वांत जास्त नुकसान झालेली ५२ गावं नव्या जागी वसवायचं ठरलं. घराचा आकार जमिनीवर ठरला. ज्याला जमीन नाही किंवा अगदी थोडी आहे त्याला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. सरळ रेषेत आखलेले रुंद रस्ते, दोन घरांत ऐसपैस जागा. गल्ली अरुंद असल्यामुळे माणसं पळू शकली नाहीत, मदत आत शिरली नाही, म्हणून रस्ते रुंद. विचार बरोबरच होता.

पण दीड वर्षाच्या लेकराच्या उंचीवरून ते गाव बघा. जुन्या गावात घराला घर लागून. लेकरू उंबरा ओलांडून रांगत निघालं, की या ओट्यावरून त्या ओट्यावर, या आजीकडून त्या काकूकडे. आई दोन तास भाकरी-चुलीत असली तरी लेकराकडे कुणाचं तरी लक्ष असायचंच. नव्या गावात ओटे लांब गेले. माझ्या जाऊबाईंना नव्या गावात घर मिळालं. पहिल्या भेटीत त्या म्हणाल्या होत्या, "घर पक्कं आहे गं, पण हाक मारली तर ओ द्यायला कुणी नाही." लेकराला खाटेच्या पायाला लुगड्याने बांधून त्या स्वयंपाक करत होत्या.

आणि दुसरी अडचण वरची. छताला सपाट स्लॅब, झोळी बांधायला तुळईच नाही! ज्यांनी इंजिनिअरच्या मागे लागून स्लॅब टाकतानाच एक लोखंडी कडी सोडवून घेतली त्या बायका हुशार. जाऊबाईंच्या घराला कडी नव्हती. त्यांनी बाहेर पत्र्याचा मांडव घातला, बल्लीला झोळी बांधली आणि उन्हाळाभर सगळं घर त्या मांडवातच राहिलं, कारण सिमेंटची खोली तापायची. नवी घरं बघायला येणारे विचारायचे, एवढं चांगलं घर सोडून बाहेर का झोपता? एक तर उकाडा. आणि दुसरं, छताखाली डोळा लागत नव्हता.

ज्यांची गावं हलवली नाहीत, त्यांच्यासाठी वेगळी योजना होती. पैसे आणि साहित्य घ्यायचं, जुनं घर मजबूत करायचं. तेरा जिल्ह्यांत मिळून जवळजवळ दोन लाख घरांचं हे काम. इथे एक गोष्ट घडली जी मला अजून विचारात पाडते. इंजिनिअर सांगत होते, दगड वाईट नाही. माळवदावरची जास्तीची माती उतरवा, भिंतीत जागोजागी आरपार बांधणारे दगड किंवा काँक्रीटचे तुकडे घाला, कोपरे आवळून घ्या, वरून पट्टा फिरवा, घर टिकेल. किती साध्या गोष्टी! पण लोकांचा दगडावरचा विश्वासच उडाला होता. बऱ्याच जणांनी मिळालेल्या पैशात अंगणात विटा-सिमेंटची एक छोटी खोली उभी केली. रात्री लेकरं त्या खोलीत, दिवसा सगळे जुन्या गार घरात. माणसं चुकली असं मी म्हणणार नाही. ज्याने ढिगारा उपसला, त्याला "दगड वाईट नाही" हे वाक्य कसं पटावं?

हे पटवायचं काम शेवटी बायकांनी केलं. 'स्वयं शिक्षण प्रयोग' ही प्रेमा गोपालन यांची संस्था सरकारबरोबर कामाला लागली आणि गावोगावच्या महिला मंडळांतून 'संवाद सहायक' नेमल्या गेल्या. ज्या बाईने आयुष्यात गवंड्याशी मान वर करून बोलणं केलं नव्हतं, ती आता त्याला विचारायला लागली, कोपऱ्यात गज घातला का, सिमेंट किती, वाळू किती, पाणी किती दिवस मारणार. सासूबाई अशा बैठकांना जायच्या. परत आल्या की आम्हाला शिकवायच्या. वाचता येत नव्हतं, पण भिंत "शिवायची" असते हा शब्द मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकला. २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादकडच्या अशाच काही बायका गुजरातेत जाऊन तिथल्या बायकांशी बोलून आल्या.

पुढे २००२ मध्ये भूकंपाचा नकाशाही सुधारला. पहिल्या क्रमांकाचा पट्टाच रद्द झाला आणि लातूरकडचा भाग तिसऱ्यात गेला.

तर एवढं सगळं सूनबाईंना सांगून झालं. रात्रीचे बारा वाजले होते, नातू दोघींच्या मध्ये आडवा पसरलेला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, मला वाटलं दृष्टबिष्ट लागते म्हणून तुम्ही म्हणताय."

मला हसू आलं आणि जरा टोचलंही. बरोबरच आहे की तिचं. कारण न सांगता नुसता नियम दिला, तर तो दृष्टीसारखाच वाटणार. माझ्या नातवाने हा नियम पुढे त्याच्या लेकरांना सांगितला असता, "आमच्यात भिंतीकडेला झोपवत नाहीत", आणि का ते कुणालाच माहीत नसतं. भीती तेवढी पुढे गेली असती, शहाणपण मागे राहिलं असतं.

आणि नियम म्हणून तरी तो या घरात लागू आहे का? ही भिंत विटांची, काँक्रीटच्या सांगाड्यात बसवलेली. ती काही माझ्या सासरची भिंत नव्हे. मी भीत होते ती १९९३ च्या भिंतीला, आणि ती आता कुठं उभीही नाही.

पण म्हणून भूकंप संपला असंही नाही. नांदेडकरांना आठवत असेल, २१ मार्च २०२४ ला सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात ४.५ चा धक्का बसला, पाठोपाठ अकरा मिनिटांनी ३.६ चा. नांदेड, परभणीपर्यंत जाणवले. सूनबाईंना तेव्हा सातवा महिना. परत १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास ४.५ चाच. तेव्हा हे महाशय दीड महिन्याचे, मी मालिश करत होते, हाताला तेल तसंच, दुपट्यात गुंडाळून जिन्याने खाली. मार्चच्या धक्क्यानंतर प्रशासनाने केलेलं एक आवाहन माझ्या लक्षात राहिलंय. पत्रे उडू नयेत म्हणून ज्यांनी छतावर दगड ठेवलेत, त्यांनी ते काढून घ्यावेत.

वाचून मी सुन्न झाले होते. एकतीस वर्षं होत आली, आणि आपण परत झोपलेल्या लेकरांच्या डोक्यावर दगड ठेवतोय. हेतू तोच, जुना. तेव्हा पाणी गळू नये म्हणून माती चढवली, आता वाऱ्याने पत्रा उडू नये म्हणून दगड.

मग मी उठून लाईट लावला आणि पलंगाच्या वर बघितलं. डोक्याशी भिंतीला एक फळी. तिच्यावर लग्नातला भला मोठा काचेचा फोटो, पितळी समई आणि दोन जाडजूड पुस्तकं. शेजारी उंच लोखंडी कपाट, त्यावर बॅगा. पंधरा दिवस मी रात्रीत तीन वेळा उठून लेकरू भिंतीपासून सरकवत होते आणि सरकवत होते कुठं, तर बरोबर त्या समईच्या खाली! १९९३ मध्ये माझ्या लेकाच्या पायाशी पडला तो हंडा भिंतीतून नव्हता आला, फळीवरूनच आला होता. एवढं डोळ्यांनी बघूनही मी भिंत लक्षात ठेवली आणि फळी विसरले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. लेकाने फळी काढली. फोटो हॉलमध्ये गेला, समई देवघरात खालीच. कपाट भिंतीला पट्ट्यांनी आवळलं, बॅगा पलंगाखाली. महाशय मदतीला होतेच, त्यामुळे दोन स्क्रू अजून सापडलेले नाहीत.

काम चालू असताना लेक म्हणाला, "आई, स्लॅबला इथं कडी आहे बघ. बिल्डरने पंख्यासाठी जास्तीची ठेवली असेल." मी वर बघितलं. होती खरी. त्याने आधी तिला स्वतः लोंबकळून बघितलं, मग मी ट्रंकेतून आणलेली सासूबाईंची जुनी इरकल बाहेर काढली.

दुपारी झोळीत स्वारी झोपली. झोळीच्या वर काहीही नाही हे मी दोनदा बघून घेतलं. रात्री मात्र तो परत भिंतीकडेला झोपतो, आईच्या आतल्या अंगाला. मी आता त्याला सरकवत नाही.

म्हणजे परवा एकदा सरकवला. पण नुसती पाण्याला उठले होते, आणि हात आपोआप गेला. सूनबाई जाग्या होत्या. काही बोलल्या नाहीत.